मामाचा मुका कुणी घेऊ नका

त्यार्क मामा तीस वर्षांचा झाला त्या शनिवारी माझ्याकडे एकच काम होतं: कुठल्याही मुलीला त्याचा मुका घेऊ द्यायचा नाही.

ऐकायला सोपं वाटतं, आणि मामाकडे बघितल्यावर तर आणखीच सोपं. अंगात भाड्यानं आणलेला शेपटीवाला काळा कोट, डोक्यावर कानांपर्यंत उतरलेली उंच टोपी आणि हातात संडास घासायचा ब्रश. ब्रश नवा होता, पण ते लांबून कुणाला कळणार?

आमच्या ब्रेमेनमध्ये पुरुष तिशीला आला आणि बिनलग्नाचा राहिला, की त्याला डोमच्या पायऱ्या झाडाव्या लागतात. डोम म्हणजे चौकातलं आमचं थोरलं चर्च. मित्रमंडळी पोतंभर बियरच्या बाटल्यांची झाकणं पायऱ्यांवर ओततात आणि वाढदिवसवाल्यानं ती झाडायची. सगळी झाडून झाली की ते पुन्हा ओततात. एखाद्या कुमारिकेनं येऊन गालाचा मुका घेतला, की सुटका. आमच्या गणिताच्या सरांनी झाडल्यात, दातांच्या डॉक्टरांनी झाडल्यात. हे कशासाठी, असं कुणी विचारत नाही. झाडायचं म्हणजे झाडायचं.

मामाला मात्र ही सुटका हव्या त्या मुलीकडूनच हवी होती. तिचं नाव फ्राउके. ती एम्डेनला बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करते. मामा चष्म्याच्या दुकानात आहे. दिवसभर परक्या माणसांच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघतो, पण फ्राउकेच्या डोळ्यांत बघायची वेळ आली की त्याला बुटांच्या नाड्या आठवतात. तीन वर्षं हेच चाललंय. शेवटी त्यानं सगळं धैर्य गोळा करून तिला फोनवर सांगितलं, "शनिवारी डोमपाशी असेन. झाडत. तू असलीस तर असशील."

ती म्हणाली, "बघते."

त्या 'बघते'वर मामा आठवडाभर जगला.

"कळलं का, इम्के?" तो मला म्हणाला. "ती आली आणि तिनं घेतला, तर मी समजेन. मला बोलावं लागणार नाही."

"आणि तिच्याआधी दुसऱ्या कुणी घेतला तर?"

"मग संपलं. मुका एकदाच. मग फ्राउके हात हातात घेऊन अभिनंदन म्हणेल, केक खाईल आणि परत जाईल. पुढची तीन वर्षं मी पुन्हा हवामानावर बोलत बसेन. तू गोलकीपर आहेस ना?"

"आहे."

"मग अडव."

मी या वर्षापासून आमच्या शाळेच्या हँडबॉल संघाची गोलकीपर आहे. त्याआधी राखीव बाकावर बसायचे, आणि कुणी नाव विचारलं तर तेसुद्धा जमिनीला सांगायचे. आता मी गोलात उभी राहून अशी ओरडते की पलीकडच्या मैदानावरचे लोक मागे वळून बघतात. तेव्हा मामाचं बरोबर होतं. हे काम दुसऱ्या कुणाला देण्यासारखं नव्हतंच.

शिवाय मामानं स्वतःचाही बंदोबस्त केला होता. सकाळी त्यानं हेरिंग माशाचा पाव खाल्ला होता, वर दुप्पट कच्चा कांदा घालून.

"पण मग फ्राउके?"

"ती बंदरावर काम करते," मामा म्हणाला. "तिला चालतं."

ओन्नो काकाला यातलं काहीच माहीत नव्हतं. ओन्नो काका मामाचा बालवाडीपासूनचा मित्र. कपाटाएवढा माणूस, आणि नियमांचा भयंकर भक्त. रस्त्यावर गाडी नसली तरी लाल दिव्याला थांबतो आणि इतरांनाही थांबवतो. झाकणांची पोती त्यानंच आणली होती. दांडा फिरवून वाजवायची ती पेटीही त्याचीच. तिच्यावर एकच चाल वाजत होती, कारण बाकीच्या चाली बिघडल्या होत्या. त्याच्याजवळ एक चांगला, लांब दांड्याचा झाडू होता, पण तो त्यानं खांबाला टेकवून ठेवला होता, मामाला नुसता दिसावा म्हणून. सगळ्यात वरच्या पायरीवर लुबर्स बाई त्यांच्या बुटक्या कुत्र्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या आमच्या शेजारी राहत नाहीत, आमच्या ओळखीच्याही नाहीत. कुणी झाडायला लागलं की त्या येऊन बसतात.

मामाचे हात झाडण्यात गुंतलेले, म्हणून त्याचा फोन माझ्या खिशात होता. दुपारी त्यावर फ्राउकेचा संदेश आला: "गाडी थांबली. गाई."

मी तो मामाला वाचून दाखवला.

"कुठे थांबली?"

"ते लिहिलं नाहीये. रुळावर गाई आल्या असणार."

"किती गाई?"

"मामा, तू झाड."

आणि तेवढ्यात मिलाग्रोस आली. नाव मला नंतर कळलं.

आधी दिसली ती पाठपिशवी. पिशवी एवढी मोठी होती, की खाली दोन पाय नसते तर ती आपली आपण चालत आलीय असं वाटलं असतं. पिशवीच्या बाहेर एक तवा आणि एक ओला टॉवेल लोंबत होता. ती पायऱ्यांपाशी थांबली. तिनं मामाला बघितलं, ब्रश बघितला. घाम पुसत पुसत मामानं शेवटची झाकणं कोपऱ्यात लोटली, आणि त्याच क्षणी ओन्नो काकानं हसत हसत आख्खं पोतं पुन्हा वरून रिकामं केलं.

मिलाग्रोसनं पिशवी धाडकन खाली टाकली आणि ती स्पॅनिशमध्ये ओन्नो काकावर तुटून पडली. मी शाळेत स्पॅनिश शिकते. 'लाज', 'माणूस' आणि 'जनावर' एवढे शब्द मला कळले. बाकीचे आमच्या पुस्तकात नाहीत.

"काय म्हणते?" ओन्नो काकानं विचारलं.

"तुला शुभेच्छा देतेय," मी म्हणाले.

"अरे वा!" असं म्हणून त्यानं तिला टोपी काढून नमस्कार केला. त्यानं ती आणखीच भडकली. तिनं खांबाला टेकवलेला चांगला झाडू उचलला, बाह्या सरसावल्या आणि मामाच्या शेजारी उभी राहून झाडायला लागली. आणि काय झाडत होती! झाकणांचा नुसता पाऊस चौकात उडत होता. डोळे मिटून उघडेपर्यंत पायऱ्या लख्ख. ओन्नो काका खूश झाला आणि त्यानं दुसरं पोतं ओतलं. तिनं तेही झाडलं. मामा आपला प्रत्येक ढिगामागे "आभारी आहे, आभारी आहे" म्हणत कोटाच्या शेपट्या सावरत होता.

"मदत चालत नाही हं," वरून लुबर्स बाई म्हणाल्या. "नियम आहे."

"पण तिला माहीत नाही ना," ओन्नो काका म्हणाला. "आणि किती छान झाडतेय."

आता तुम्ही म्हणाल, मी तिला सगळं समजावून का नाही सांगितलं? सांगणारच होते. 'तीस', 'मामा', 'झाडू' असे शब्द मनात जुळवलेसुद्धा. मग लक्षात आलं, की पुढचा शब्द 'मुका' आहे. या गरीब बिचाऱ्याची सुटका एका मुक्यानं होते हे कळलं, तर ही बाई काय करेल? अनोळखी माणसासाठी जी दोन पोती झाडते, ती मुका घ्यायला कितीसा वेळ लावेल? मी तोंड गच्च मिटलं.

पण संकट दुसऱ्याच बाजूनं आलं. पायऱ्या साफ झाल्यावर तिनं झाडू ठेवला, हात पुसले आणि हसून म्हणाली, "मी मिलाग्रोस. अर्जेंटिनाहून आलेय. मिली म्हणा." आणि माझ्या गालाचा मुका घेतला. मग दोन पायऱ्या चढून लुबर्स बाईंचा घेतला. मग, भांडण विसरून, ओन्नो काकाचाही! ओन्नो काका मानेपर्यंत लाल झाला. त्यांच्याकडे भेटल्यावर मुका घेतात, निघताना मुका घेतात, मधे आठवण झाली तरी घेतात. आमच्याकडे भेटल्यावर 'मोइन' म्हणतात आणि निघतानाही 'मोइन' म्हणतात, त्यामुळे कुणाला धोका नसतो.

ती मामाकडे वळली. मामानं ब्रश छातीशी धरला.

मी उडी मारली. गोलच्या डाव्या कोपऱ्यात जाणारा चेंडू जशी अडवते तशी, हात पसरून, पूर्ण अंगानं. तिचा दुसरा मुकाही मलाच बसला.

"तू काय गोड मुलगी आहेस गं!" मिली म्हणाली.

"चल, तुला शहर दाखवते!" मी ओरडलेच. "आत्ता! लगेच! पिशवी राहू दे, मामा सांभाळेल!"

"पण हा माणूस..."

"त्याला आवडतं!" मी म्हणाले, आणि तिला दंडाला धरून नेलं.

तिच्याकडे एकच दुपार होती. संध्याकाळच्या बसनं ती कोपनहेगनला जाणार होती. मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या पुस्तकी स्पॅनिशमध्ये आमचं छान जमलं.

"एकटीच फिरतेस?" मी विचारलं.

"छे गं. नवरा आहे की. नाहुएल. बस स्टँडवर बसलाय, संप करून."

"कसला संप?"

"म्हणाला, या खंडात आणखी एक चर्च दाखवलंस तर घटस्फोट. लग्नाला अजून वर्ष नाही झालं. मी म्हटलं, बस इथेच, मी बघून येते."

मी हसले आणि विसरून गेले. विसरले हेच तर झालं.

मी तिला आधी गोष्टीतल्या ब्रेमेनच्या वादक प्राण्यांचा पुतळा दाखवला. गाढव, त्यावर कुत्रा, त्यावर मांजर, त्यावर कोंबडा. अख्ख्या जगातून लोक तो बघायला येतात आणि सगळे एकच म्हणतात.

"हा?" मिली म्हणाली.

"हा."

"एवढासा?"

"सगळे हेच म्हणतात. गाढवाचे पुढचे पाय धर आणि मनात इच्छा धर."

तिनं एका हातानं एकच पाय धरला. शेजारी उभे असलेले दोन आजोबा एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. एका हातानं धरलं, की एका गाढवानं दुसऱ्या गाढवाशी हात मिळवला, असं आमच्याकडे म्हणतात. मी चटकन तिचा दुसरा हातही उचलून गाढवाच्या दुसऱ्या पायावर ठेवला. पाहुणीला एवढं तरी करायला हवं.

मग चौकातला थुंकायचा दगड. फार वर्षांपूर्वी एका बाईनं घरातल्या आणि शेजारच्या माणसांना लोण्यातून विष घालून मारलं, आणि तिचं डोकं उडवलं ती ही जागा. येता जाता आम्ही त्या दगडावर थुंकतो. म्हणजे आमचे अगदी सभ्य, टाय लावलेले लोकसुद्धा थुंकतात. मिलीला हे भलतंच आवडलं. ती फुटबॉलपटूसारखी थुंकली, बरोबर मधोमध.

"नाहुएलनं काय घालवलं बघ!" ती म्हणाली. तिनं दगडाचा फोटो काढून त्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं: "हे चर्च आहे का?"

मधे मधे मामाचा फोन वाजत होता. "गाई गेल्या." मग बऱ्याच वेळानं, "स्टेशनवर उतरले. चालत येते." फ्राउके शब्द असे वापरते, जणू तिला ते विकत घ्यावे लागतात.

मी हिशोब केला. स्टेशनपासून डोमपर्यंत फ्राउके येते तेवढा वेळ मिलीला लांब ठेवलं, की झालं. मी तिला माशाचा पाव घेऊन दिला. तिनं तो तोंडाकडे नेला आणि वरून एका समुद्रपक्ष्यानं झडप घालून मधला मासा तेवढा पळवला. मिली रिकाम्या पावाकडे बघत राहिली. मग तिनं घड्याळ बघितलं.

"बस! माझी बस चुकेल! पिशवी कुठेय?"

पिशवी अर्थातच मामापाशी. मीच ठेवायला सांगितली होती.

आम्ही धावत परत आलो तेव्हा तिथे बरीच गर्दी जमली होती. ओन्नो काका कंटाळला होता, त्याला बियर पिण्याच्या हॉलमध्ये राखून ठेवलेल्या टेबलाची चिंता लागली होती, आणि तो येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक मुलीला विनवत होता, "अहो ताई, एक मुका द्या की, गरीब माणूस आहे!" एक मुलगी खरंच पुढे आली होती म्हणे, पण मामा तिच्या तोंडावर "हाऽऽ" करून श्वास सोडून बसला. कांद्यानं काम केलं होतं.

मिलीनं निघताना निरोप घेतला. माझा मुका. लुबर्स बाईंचा मुका. कुत्र्याचासुद्धा. मी तिच्या पुढे दोन्ही हात पसरून उभीच होते. आणि त्याच क्षणी मला चौकाच्या पलीकडे निळा जाड स्वेटर दिसला. फ्राउके! हातात केकचा डबा, लांब ढांगा टाकत येतेय. माझी मान तिकडे वळली. चेंडूवरची नजर काढायची नाही, हे आमचे कोच रोज ओरडून सांगतात.

माझा मामा फार सज्जन आहे. बाईमाणूस एवढी जड पिशवी उचलतेय हे त्याला बघवेना. त्यानं ब्रश काखेत मारला, पिशवी उचलून धरली आणि तिचे हात पट्ट्यांतून जाईपर्यंत मागे उभा राहिला. मिलीनं मान वळवली. गाल समोरच होता.

मुक्याचा आवाज चौकभर ऐकू आला.

पेटी थांबली.

"सुटला!" ओन्नो काका गरजला. "त्यार्क सुटला रे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाटल्या फटाफट उघडल्या. मामा मात्र ब्रश काखेत घेऊन, पायरीवर बर्फाच्या बाहुल्यासारखा उभा. आणि गर्दीच्या मागे फ्राउके. तिनं सगळं बघितलं होतं.  तिनं केकचा डबा नीट आडवा धरला आणि वळली.

ती दोन पावलं गेली असेल.

"खोटा मुका!" मी ओरडले. गोलात जेवढी ओरडते त्याच्या दुप्पट. डोमच्या मनोऱ्यावरची कबुतरं उडाली. "हा मुका चालत नाही! हिचं लग्न झालंय!"

फ्राउके थांबली.

"काय?" ओन्नो काका म्हणाला. बाटली तोंडापाशीच राहिली. "लग्न? पुरावा?"

"मिली!" मी तिला गदागदा हलवलं. "तुझा नवरा! दाखव! लवकर!"

"नाहुएल?" बिचारी गोंधळली, पण तिनं गळ्यातल्या दोऱ्यातली अंगठी बाहेर काढली आणि फोनवरचा फोटोही दाखवला. फोटोत एक माणूस एका चर्चपुढे पाठ करून उभा होता.

आता असं बघा, दुसऱ्या कुठल्याही गावात लोक म्हणाले असते, जाऊ द्या हो, मुका तो मुका, चला बियर प्यायला. आमच्याकडे पायऱ्यांवर सभाच भरली. एक जण म्हणाला, भावना महत्त्वाची. दुसरा म्हणाला, भावना कुठून आणलीस, त्यांच्याकडे कुत्र्याचाही घेतात. ओन्नो काका घामाघूम झाला. एकीकडे टेबल, दुसरीकडे नियम. शेवटी सगळ्यांनी वर बघितलं.

लुबर्स बाई कुत्र्याला खाली ठेवून उभ्या राहिल्या. "कुमारिका लागते," त्या म्हणाल्या. "विवाहितेचा मुका म्हणजे नुसता शिष्टाचार. धरायचा नाही. माझ्या यजमानांच्या वेळी असंच झालं होतं. त्यांनी पुन्हा झाडल्या, तेव्हा कुठे मी घेतला."

नियम म्हटल्यावर ओन्नो काकाचा इलाज नव्हता. "माफ कर रे, त्यार्क," तो रडवेल्या आवाजात म्हणाला आणि पोतं उलटं केलं. झाकणं खणखणत पायऱ्यांवरून खाली आली.

आणि मामा हसला! आपल्या पायांवर झाकणांचं पोतं रिकामं होताना इतका सुखी झालेला माणूस त्या पायऱ्यांनी कधी बघितला नसेल. तो लगेच वाकला आणि जिवाच्या आकांतानं झाडायला लागला.

फ्राउके गर्दीतून पुढे आली. झाकणं तुडवत तीन पायऱ्या चढली.

"मोइन," ती म्हणाली.

"मोइन," मामा म्हणाला. नजर ब्रशावर.

"झाडतोयस."

"हो."

"मदत चालत नाही म्हणे."

"नाही चालत."

"मग काय," फ्राउके म्हणाली. तिनं केकचा डबा माझ्या हातात दिला, मामाची टोपी दोन बोटांनी वर केली आणि गालाचा मुका घेतला. चांगला, सावकाश. मग नाक जरासं आक्रसून म्हणाली, "हेरिंग?"

"हो."

"कांदा जास्त झालाय."

पेटी वाजायला लागली, ओन्नो काका डोळे पुसायला लागला आणि सगळे नाचायला लागले. मामा मात्र झाडतच होता. आता थांबायचं असतं हेच तो विसरला होता.

फ्राउके खाली वाकून त्याला म्हणाली, आणि हे मी अगदी जवळून ऐकलं, कारण मी मुद्दाम जवळ गेले होते: "नोव्हेंबरात मी तिशीची होतेय."

मामानं मान वर केली. आमच्याकडे तिशीची बिनलग्नाची बाई झाडत नाही. तिला डोमच्या दारांच्या मुठी घासून चकचकीत कराव्या लागतात.

"मला मुठी घासायच्या नाहीयेत," फ्राउके म्हणाली. "तेव्हा थंडी असते."

मामाची नजर परत बुटांच्या नाड्यांवर गेली.  आणि तेवढ्यात मिली किंचाळली, "माझी बस!"

मग आम्ही सगळेच पळालो. पुढे मिली, तिची पिशवी उचललेला ओन्नो काका, मागे कोटाच्या शेपट्या उडवत मामा, फ्राउके, केकचा डबा सांभाळत मी, आणि पेटीला चाकं असल्यामुळे तीही. लुबर्स बाई कोपऱ्यापर्यंत आल्या. लाल दिव्यापाशी ओन्नो काका थांबला, म्हणून आम्ही सगळे थांबलो. मिली त्याला पुन्हा एकदा पुस्तकात नसलेले शब्द बोलली.

बसचं दार बंद होत होतं. दारात पाय अडकवून एक माणूस उभा होता. तोच फोटोतला. त्यानं उंच टोपी बघितली, ब्रश बघितला, पेटी बघितली.

"चर्च कसं होतं?" त्यानं विचारलं.

"आत कुठे जायला मिळालं!" मिली धापा टाकत म्हणाली. "पायऱ्या चांगल्या आहेत. स्वच्छ."

मग तिनं सगळ्यांचे मुके घेतले, आणि मामापाशी येऊन थबकली. आता तिला सगळं कळलं होतं. तिनं आधी फ्राउकेकडे बघितलं.

"घे," फ्राउके म्हणाली. "तुझा धरत नाहीत."

बस गेली. खिडकीतून मिलीचा हात बराच वेळ हलताना दिसत होता. ओन्नो काका पेटी बंद करून टेबलाबद्दल काहीतरी पुटपुटत होता. केक डब्याच्या एका बाजूला गोळा झाला होता, ते मी कुणाला सांगितलं नाही.

मामानं ब्रश एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग त्यानं फ्राउकेच्या डोळ्यांत बघितलं, अगदी सरळ, टॉर्चशिवाय.

"ऑगस्टमध्ये चालेल?" तो म्हणाला.

फ्राउकेनं थोडा विचार केला.

"चालेल," ती म्हणाली. "तेव्हा गाई कुरणात असतात, रुळावर नाही."